दुसऱ्या अंतऱ्यानंतरची टिंग

मी वादक आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या बोटांकडे बघतात. मग विचारतात, तबला का? मी नाही म्हणतो. पेटी? नाही. व्हायोलिन? तेही नाही. मग त्यांचा उत्साह मावळतो आणि मला सांगावं लागतं, की मी साइड ऱ्हिदमवाला. म्हणजे तबला सोडून जे जे आपटता, घासता, हलवता किंवा खुळखुळवता येतं, ते सगळं माझ्याकडे. मंजिरी, खंजिरी, घुंगरू, लाकडी ठोकळे आणि एक ट्रँगल. हा ट्रँगल मी बोहरी आळीतून सळई आणून एका लोहाराकडून वाकवून घेतला होता. दिवसा खडकीच्या कारखान्यात स्टोअरला नोकरी आणि संध्याकाळी हे खुळखुळे, असं माझं सगळं आयुष्य गेलं. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक वादकांची ओळख करून देतो तेव्हा टाळ्या तबल्यापर्यंत संपतात आणि माझी पाळी येईतो लोक चपला शोधत असतात. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती ऐकायलाही कोणी थांबत नाही.

तरीसुद्धा पुण्यात मला ओळखणारे लोक आहेत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझी ओळख ‘टिंगवाले काका’ अशी करून देतात. वॉचमनसुद्धा कुरिअरवाल्याला तसंच सांगतो.

ती टिंग नानांच्या गाण्यातली. नाना म्हणजे आमचे संगीतकार. त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही, कारण लिहिलं तर आधी विचारलं का नाहीस म्हणून त्यांचा फोन येईल. गाणं वाट बघणाऱ्या बाईचं आहे. दुसरा अंतरा संपतो, सगळी वाद्यं एकदम थांबतात, चार मात्रा काहीही नसतं, आणि त्या शांततेत कुठूनशी एकच टिंग येते. मग गायिका पुन्हा मुखडा उचलते. बस, एवढंच. पण सोसायटीच्या कोजागिरीला, सहलीच्या बसमध्ये, लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी वाळवत, जिथे जिथे हे गाणं म्हटलं जातं तिथे तिथे लोक त्या जागी तोंडानं टिंग म्हणतात. काही जणांना गाण्याचे शब्द येत नाहीत, टिंग मात्र अचूक येते.

शनिवार पेठेतल्या एका प्राध्यापकांनी तर रविवारच्या पुरवणीत या टिंगवर अर्धं पान लिहिलं होतं. ‘विरहाच्या निबिड शांततेला पडलेला तडा’ असं काहीतरी. मी ते कात्रण फायलीत लावलं आणि ‘निबिड’ म्हणजे काय ते बायकोला विचारलं. नानांनाही प्रत्येक मुलाखतीत टिंगबद्दल विचारायचे आणि नाना प्रत्येक वेळी वेगळं सांगायचे. एकदा तो पानावरून पडलेला दवबिंदू होता. एकदा लांबच्या देवळातली घंटा. एकदा, बहुधा जेवण उशिरा मिळाल्यामुळे, ते नुसतंच ‘अनाहत’ होतं. मी तिसऱ्या रांगेत बसून मान डोलवायचो.

खरं काय ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. ती टिंग ही चूक होती.

तेव्हा सगळे वादक एकाच खोलीत बसून एका दमात गाणं वाजवायचे. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पंखे बंद, कारण त्यांचा आवाज टेपवर येतो. नाना समोर उभे राहून बोटांनी इशारे द्यायचे. तर्जनी म्हणजे व्हायोलिन, अंगठा म्हणजे बासरी, मूठ वळली की तबला, आणि करंगळी म्हणजे मी. सगळ्यात लहान बोट मला उगाच दिलेलं नव्हतं. त्या दिवशी उकाडा असा होता की बासरीवाल्याच्या हातातून बासरी निसटत होती. दुसरा अंतरा संपला, सगळे थांबले. नानांच्या नाकावरून घामानं चष्मा घसरला. हातात पेन्सिल होती, चार बोटं तिच्यावर मिटलेली. मोकळी होती ती करंगळी. त्यांनी करंगळीनं चष्मा वर सरकवला.

मी करंगळी पाहिली आणि वाजवली.

नानांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. गाणं पूर्ण झालं. नाना म्हणाले, “पुन्हा घेऊ.” गायिका तेव्हाच मोठ्या होत्या. त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, “मला गाडी आहे. झालंय ते छान झालंय.” आणि गेल्या. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची शामत नव्हती. टेप तशीच राहिली, रेकॉर्ड तशीच निघाली, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत अख्खा महाराष्ट्र टिंग म्हणायला लागला.

त्या वर्षापासून नानांच्या वाढदिवसाला मी पेढे घेऊन जायचो. ते पेढा तोंडात टाकायचे आणि कानाशी येऊन म्हणायचे, “चुकला होतास.” मी वाकून नमस्कार करत म्हणायचो, “करंगळी तुमची होती.” मग चहा. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. गायिका गेल्या, व्हायोलिनवाले दोघे गेले, बासरीवाल्याचे दात गेले. पेढे आणि भांडण तेवढं चालू राहिलं.

गेल्या वर्षी नानांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण व्हायची होती. एका वाहिनीनं त्यांच्या वाढदिवसानिमित्त गाण्यांचा मोठा कार्यक्रम ठरवला. अशा कार्यक्रमांची एक ठरलेली रीत आहे. ज्याचा वाढदिवस त्याला पहिल्या रांगेत मखमली सिंहासनावर बसवायचं. त्याची गाणी त्याच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांनी त्याच्यासमोर गायची. त्यानं डोळे पुसायचे. कॅमेऱ्यानं ते टिपायचं. मधूनमधून गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. ज्याच्यासाठी एवढं सगळं, त्याला त्यात करायला काही नसतं.

नानांनी मला घरी बोलावून घेतलं. शनिवार पेठेतली त्यांची जुनी इमारत पाडून आता तिथे लिफ्टवाली झाली आहे आणि नाना लिफ्टला घाबरतात, म्हणून तीन मजले खाली उतरायचं टाळतात. कानाला यंत्र आलं होतं. ते काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा घातलं.

“ते गाणं घेणार आहेत शेवटी,” ते म्हणाले.

“घेणारच. त्याशिवाय लोक उठणार नाहीत.”

“तुला बोलावणार आहेत. त्या वेळचा हयात वादक म्हणून.”

“आलंय बोलावणं.”

नानांनी यंत्र कानात नीट बसवलं. मग म्हणाले, “अरे, ते गाणं मी केलं तसं मी कधी ऐकलंच नाही. घरी पेटीवर बसवताना मनात ऐकलं तेवढंच. त्या चार मात्रा मी मोकळ्या ठेवल्या होत्या. दोन महिने घातले होते त्या मोकळ्या ठेवायला. डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे. एकदा मला त्या मोकळ्या ऐकायच्यात. नीट, सगळ्या वाद्यांनिशी. तू वाजवू नकोस.”

“नाना, पण लोक...”

“लोकांचं काय घेऊन बसलास? वाढदिवस माझा आहे.”

मी बरं म्हणालो. पंच्याऐंशीच्या माणसाला दुसरं काय म्हणणार. पण बसमध्ये बसल्यावर मला राग आला, हे कबूल केलं पाहिजे. दीड-दोन हजार गाण्यांत मी वाजवलं असेल, त्यातलं लोकांना काय आठवतं, तर ती एक टिंग. टीव्हीवर पहिल्यांदा माझा चेहरा दिसणार, तोही त्या टिंगसाठी, आणि ती वाजवायची नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“अहो, म्हणजे न वाजवायला बोलावलंय तुम्हाला?”

“तसंच म्हण.”

“ते तर तुम्ही घरी बसूनही करू शकला असतात.” पुढे म्हणाली, “पण त्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलं होतं का यापूर्वी?”

मी आठवून पाहिलं. नव्हतं मागितलं. चाळीसहून जास्त वर्षांत कामासाठी निरोप यायचा, ते मागणं नव्हे.

कार्यक्रमाचा संगीत संयोजक तिशीतला होता. गुणी होता, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी त्याला फसवलं. तालमीला गेलो तर त्याच्यापुढे लॅपटॉप.

“काका, तुमची टिंग ओरिजिनल रेकॉर्डवरून उचललीये,” तो भक्तिभावानं म्हणाला. “क्लीन केली. तीन आठवडे लागले. ऐका.”

त्यानं बटण दाबलं. माझी टिंग आली. तरुणपणीची, घामेजलेल्या हाताची, मागे थोडी माझ्या खुर्चीची करकरसुद्धा.

“ही काढता येईल का?” मी विचारलं.

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी गणपतीची सोंड काढायला सांगितली होती. “काका, टिंग काढली तर लोक मला घरी जाऊ देतील का? मी लहानपणी या टिंगमुळे म्युझिककडे वळलो.”

आता याला खरं सांगावं तर त्याचं करिअर एका घसरलेल्या चष्म्यावर उभं आहे, हे सांगावं लागणार. ते माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हणालो, “तसं नाही. मीच वाजवतो ना प्रत्यक्ष. त्याच ट्रँगलवर.”

त्याचे डोळे भरून आले. त्यानं लॅपटॉपमधली टिंग माझ्यासमोर बंद केली, माझ्यासाठी वेगळा माइक लावायला सांगितला आणि वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. इतका निर्लज्ज आशीर्वाद मी कधी कुणाला दिलेला नाही.

चित्रीकरण कोथरूडच्या नाट्यगृहात, सकाळी नऊपासून. वाढदिवसाला अजून सात आठवडे होते. नाना आत येताच त्यांनी हीच शंका काढली. “आणि मधल्या काळात मला काही झालं तर?”

हेडफोनवाली फ्लोअर मॅनेजर मुलगी गोड हसली. “पॉझिटिव्ह राहा ना सर. तसं काही झालं तरी एपिसोड वेस्ट नाही जाणार.”

नाना खूश झाले. असं स्पष्ट बोलणारी माणसं त्यांना आवडतात.

मग आम्ही पाहिलं की टीव्हीवर लोक रडतात ते कसं. एकही गाणं झालेलं नसताना त्या मुलीनं प्रेक्षकांना सांगितलं, “आता सगळ्यांनी इमोशनल व्हायचंय. रुमाल असेल तर उत्तम.” पासवाल्यांखेरीज ज्येष्ठ नागरिक संघाच्या दोन बसेस भरून आणल्या होत्या. पुण्यातले ज्येष्ठ नागरिक, ते फुकट कशाला रडतील? पाचव्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, “कशाबद्दल रडायचं ते सांगाल का? नाहीतर आमच्या सुनेबद्दल रडते.” आणि खरोखरच त्या इतक्या सुंदर रडल्या, की कॅमेरा तिथेच राहिला. पुढे प्रक्षेपणात त्या चार वेगवेगळ्या गाण्यांना रडताना दिसल्या. टाळ्या वेगळ्या घेतल्या, उभं राहून टाळ्या वेगळ्या घेतल्या. उभे राहिलेले पुन्हा बसायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात केक आला. केक तीनदा कापला. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कापलेली बाजू मागे फिरवून, क्रीमनं लिंपून. नानांना साखरेचा त्रास, त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाजवळ नेलेला तुकडा निवेदिका स्वतः खात होती. तिसऱ्या केकला तिचा चेहरा बघवत नव्हता.

गाणी मात्र चांगली झाली. मुलं जीव लावून गायली. नाना त्या खोल सिंहासनात असे रुतले होते की त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि प्रत्येक गाण्यानंतर ते गाणाऱ्या मुलाला जवळ बोलावून काहीतरी सांगत. लोकांना वाटत होतं आशीर्वाद देतायत. ते चुका सांगत होते.

जेवणाच्या आधी शेवटचं गाणं. मला रंगमंचाच्या मध्यावर खुर्ची, समोर स्टँडला टांगलेला माझा ट्रँगल, त्याच्यासमोर एक कॅमेरा फक्त माझ्यासाठी. निवेदिकेनं माझी अशी ओळख करून दिली, की मलाच मी कोण असा प्रश्न पडला. गाणं सुरू झालं. गाणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची असेल, आवाज स्वच्छ. दुसरा अंतरा संपला. सगळे थांबले. मी वाजवायची सळई उचललेलीच ठेवली. संयोजकानं डोळे मिटून घेतले होते. नाना पुढे वाकले होते, उजवा कान रंगमंचाकडे.

एक मात्रा गेली. दोन.

आणि अख्ख्या नाट्यगृहातून, आठशे गळ्यांतून, एकसाथ आवाज आला, “टिंग!”

काय सूर होता! मी आयुष्यात इतकी चांगली टिंग वाजवलेली नाही. लोकांनी स्वतःलाच टाळ्या दिल्या. गाणारी मुलगी हसता हसता मुखडा चुकली. “कट!” फ्लोअर मॅनेजर धावत आली. “काका, इट्स ओके, क्यू मिस झाला. होतं असं या वयात.” संयोजक माझा हात धरून म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ. मी लॅपटॉपमधलं सँपल लावतो, तुम्ही फक्त ॲक्शन करा.”

मी नानांकडे पाहिलं. ते मागे रेलले होते. रागावलेले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावलेले नाना मला पाठ आहेत. पण ते नुसते दमलेले दिसत होते, आणि कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत होते. तेव्हा मला कळलं की हे पुन्हा होणार नाही. पुढच्या वाढदिवसाला उजवा कान असेल की नाही कोण जाणे, आणि एवढी वाद्यं त्यांच्यासाठी पुन्हा कोण जमवणार. माझा बसमधला राग कुठे गेला ते समजलं नाही. मला भयंकर वाईट वाटलं.

मी माइक ओढला.

“जरा थांबा,” मी म्हणालो. “ही टिंग गाण्यात नव्हती. ती माझी चूक आहे. नानांनी तिथे काहीच ठेवलं नव्हतं. त्यांचा चष्मा घसरला, त्यांनी करंगळीनं वर केला, मला वाटलं माझा इशारा आणि मी वाजवली. त्यांना ते गाणं एकदा त्यांनी केलं तसं ऐकायचंय. एकदाच. तुम्ही गप्प बसाल का चार मात्रा?”

आठशे पुणेकर खरोखरच गप्प झाले. पण ते विचार करत होते म्हणून.

पाचव्या रांगेतल्या काकू पहिल्या बोलल्या. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीला वा वा म्हणतोय?”

“हो.”

“छान.”

मागून एक गृहस्थ सावकाश उभे राहिले. मी त्यांना ओळखलं. तेच ते प्राध्यापक. “मी त्यावर लेख लिहिला होता,” ते खिन्नपणे म्हणाले.

“आहे माझ्याकडे,” मी म्हणालो. “उत्तम आहे.”

“मग तो दवबिंदू?” कोणीतरी ओरडून विचारलं. सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझी चूक सांगताना मी नानांच्या चाळीस वर्षांच्या थापा चारचौघांत उघड्यावर आणल्या होत्या, तेही कॅमेऱ्यासमोर, त्यांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात. नानांना कोणीतरी कानाशी जाऊन प्रश्न सांगितला. त्यांनी खिशातून यंत्र काढून शांतपणे कानात घातलं.

“दवबिंदू मी नंतर घातला,” ते म्हणाले. “तो बरा होता.”

नाट्यगृह हसलं. संयोजक मात्र हसला नाही. तो लॅपटॉपकडे बघत उभा होता. मी त्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “तीन आठवडे, काका.” मग लॅपटॉप मिटत, “पण खुर्ची करकरते त्यात, ती कशी आली याचं मला कोडं होतं.” आणि जाऊन जागेवर बसला.

दुसरा टेक. फ्लोअर मॅनेजरनं हात जोडून सांगितलं, “कोणीही काहीही बोलायचं नाही, प्लीज.” मी सळई मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले, म्हणजे नकोच ती भानगड. गाणं पुन्हा सुरू झालं. पहिला अंतरा. दुसरा. पाचव्या रांगेतल्या काकूंनी पदर तोंडावर धरला. काही जणांनी शेजाऱ्याचं मनगट पकडलं होतं. अंतऱ्याचा शेवटचा शब्द आला, आणि सगळी वाद्यं थांबली.

काहीच नव्हतं. एसीचा आवाजसुद्धा मला आठवत नाही. ते गाणं मी हजार वेळा वाजवलं असेल, पण तिथे केवढी जागा आहे ते मला तेव्हा कळलं. बाई दारात उभी आहे आणि कोणी येत नाहीये, येणारही नाहीये, हे त्या रिकाम्या जागेत स्पष्ट लिहिलेलं होतं. नानांचं बरोबर होतं. एवढी सुंदर गोष्ट मी त्यांची बिघडवली होती, आणि त्या बिघडवण्यावर आयुष्यभर ओळख सांगत फिरलो होतो.

नानांनी डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं. तिसरी मात्रा आली, आणि त्या संपूर्ण शांततेत, पहिल्या रांगेतून, पंच्याऐंशीच्या घोगऱ्या आवाजात ऐकू आलं, “टिंग.”

ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. गाणारी मुलगी शहाणी. तिनं मुखडा उचलला आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी रंगमंचावरून उतरून त्यांच्यापाशी गेलो, गुडघ्यावर बसलो. त्याशिवाय त्या सिंहासनातल्या माणसाच्या कानापर्यंत पोचता येत नव्हतं.

“मोकळं होतं ना?” त्यांनी विचारलं. “तिथे काहीतरी वाजल्यासारखं वाटलं.”

“तुम्ही म्हणालात, नाना.”

“मी?”

“टिंग म्हणालात.”

“मोठ्यानं?”

“बाल्कनीपर्यंत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रंगमंचाकडे, तिथल्या रिकाम्या खुर्चीकडे. फ्लोअर मॅनेजर वाकून विचारत होती, “सर, अजून एक टेक घ्यायचा का? सायलेंट?”

“घ्या,” नाना म्हणाले. “सायलेंट नको.” आणि माझ्या खांद्यावर हात टेकून, जोर लावून, ते त्या सिंहासनातून उभे राहिले. “जा रे वर. वाजव.”

मी वर गेलो. सळई दोनदा हातातून पडली. तिसरा टेक सुरू झाला. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मी ट्रँगलकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहत होतो. ते उभेच होते. सगळे थांबले, एक मात्रा गेली, दोन गेल्या, आणि नानांनी मान हलवून मला खूण केली. मग मी ती वाजवली. इतक्या वर्षांत ती त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच मागितली होती.